परत आलेला कोरा अर्ज : वेब-फॉर्मच्या स्मरणशक्तीचा इतिहास

#धागा

१/
पंधरा-वीस वर्षांपूर्वी एखाद्या तालुक्याच्या गावी सायबर कॅफेत बसून ज्याने प्रवेशपरीक्षेचा अर्ज भरला आहे, त्याला हा प्रसंग नव्याने सांगावा लागणार नाही. नाव, वडिलांचे नाव, कायमचा पत्ता, दहावी-बारावीचे गुण, सगळे भरून झाले. बटण दाबले. बऱ्याच वेळाने लाल अक्षरांत एक ओळ उमटली : जन्मतारीख योग्य नमुन्यात लिहावी. आणि त्या ओळीखाली तोच अर्ज, पूर्णपणे कोरा. तासाचे पैसे चालूच.

२/
चूक एका रकान्यात झाली होती, मग शिक्षा सगळ्याच रकान्यांना का? आजचा धागा या प्रश्नाच्या इतिहासाविषयी आहे. तह आणि मोहिमांच्या धाग्यांना सरावलेल्या वाचकांना हा विषय किरकोळ वाटेल. परंतु त्या कोऱ्या अर्जामागे निष्काळजीपणा जितका होता, तितकाच एक पूर्ण विचारांती घेतलेला निर्णयही होता. आणि तो कोरेपणा घालवण्याच्या सदिच्छेतून वेबच्या इतिहासातले एक मोठे खिंडार पडले.

३/
आधी एक भेद नीट समजून घ्यावा लागेल. कचेरीतला कारकून त्रुटी दाखवून अर्ज परत करी, तेव्हा हाती येणारा कागद तोच असे. आपली अक्षरे, आपली खाडाखोड, सगळे शाबूत. वेबवर परत येणारा अर्ज तो नसतो. आपण पाठवलेला मजकूर सर्व्हर वाचतो आणि उत्तरादाखल एक नवे पान लिहून धाडतो. जुनी अक्षरे त्या पानावर हवी असतील, तर ती कोणीतरी एकेक करून, योग्य त्या रकान्यात, पुन्हा उतरवावी लागतात. कोणी उतरवली नाहीत तर पान कोरे.

४/
वेबच्या आधी असे नव्हते. आयबीएमने १९७१ मध्ये ३२७० हा टर्मिनल-संच बाजारात आणला. बँका, विमा कंपन्या, विमान कंपन्या यांच्या कचेऱ्यांत हिरव्या अक्षरांचे ते पडदे कित्येक वर्षे दिसत. त्या पडद्यामागे टर्मिनलची स्वतःची छोटी स्मृती असे. कर्मचारी रकाने भरी तोवर मुख्य संगणकाला त्याची गंधवार्ताही नसे. 'एंटर' दाबताच बदललेले रकाने तेवढे एकदम रवाना होत.

चूक निघाली तर? मुख्य संगणकाकडे दोन आज्ञा असत : पडदा पुसून लिही, किंवा न पुसता लिही. दुसरी आज्ञा देऊन तो चुकीची सूचना तेवढी धाडी आणि कर्मचाऱ्याने टंकलेला मजकूर जागच्या जागी राही. म्हणजे कारकुनाने तोच कागद परत केल्यासारखे.

५/
या पडद्यांमागे बहुधा सिक्स ही प्रणाली चाले. अमेरिकेतल्या वीज आणि गॅस पुरवणाऱ्या कंपन्यांच्या गरजेतून ती घडली आणि १९६९ पासून आयबीएमने ती सर्वांना दिली. तिच्यातली एक युक्ती ध्यानात ठेवण्याजोगी आहे. माणूस विचार करीत बसला असता त्याच्यासाठी प्रोग्रॅम जागा ठेवणे म्हणजे महागड्या स्मृतीची उधळपट्टी. म्हणून पडदा धाडला की प्रोग्रॅम संपे आणि जाताना एक छोटीशी चिठ्ठी मागे ठेवी. 'एंटर' आले की प्रोग्रॅमची नवी फेरी ती चिठ्ठी वाचून काम पुढे नेई. विसरण्यात काटकसर आहे, हे शहाणपण वेबहून वीस वर्षे जुने आहे.

६/
आता सर्न. जिनिव्हाजवळच्या या भौतिकी प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली याने मार्च १९८९ मध्ये आपला प्रस्ताव मांडला. त्याचे ध्येय दस्तऐवज वाचण्याचे होते, अर्ज भरण्याचे नव्हते. ब्राउझरने पान मागावे, सर्व्हरने द्यावे, संबंध संपला. पुढच्या मागणीच्या वेळी सर्व्हरला मागची मागणी आठवत नाही. एचटीटीपीचा हा विस्मरणशील स्वभाव हेतुपूर्वक राखलेला होता. कोणाचीच आठवण ठेवायची नसल्यामुळे एक साधा सर्व्हर हजारो अनोळखी वाचकांना पाने वाटू शकला, आणि वेब इतक्या झपाट्याने पसरले त्याला हेही एक कारण झाले.

७/
वाचकाने काही लिहावे अशी सोय आरंभी एकच होती. पानावर शोधासाठी एक रकाना येई आणि त्यातले शब्द पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह लावून, मधल्या जागी अधिकचिन्हे घालून, पाठवले जात. १९९३ मध्ये चित्र पालटले. ब्रिस्टल येथे ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या डेव्ह रॅगेटने एचटीएमएल-प्लसच्या मसुद्यात फॉर्म मांडले, आणि इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए केंद्राच्या मोझेक ब्राउझरने ते पडद्यावर आणले. रकाने, टिकेच्या चौकटी, निवडयाद्या, 'पाठवा'चे बटण.

८/
अर्ज पाठवता येऊ लागला. पण तो वाचणार कोण? एनसीएसएच्याच सर्व्हरचा कर्ता रॉब मकूल आणि इतर सर्व्हर-लेखक यांच्या चर्चेतून त्याच वर्षी सीजीआय हा संकेत ठरला. अर्ज आला की सर्व्हरने एक स्वतंत्र प्रोग्रॅम सुरू करायचा, अर्जातला मजकूर त्याच्या हाती द्यायचा, प्रोग्रॅम जे पान छापील ते ब्राउझरकडे धाडायचे. त्यानंतर प्रोग्रॅमचा अंत. एका अर्जासाठी जन्म, एका पानानंतर मृत्यू. चुकीची तारीख पाहून कुरकुरणारी स्क्रिप्ट आणि दुरुस्त अर्ज स्वीकारणारी स्क्रिप्ट या एकाच फायलीच्या दोन वेगवेगळ्या आयुष्यांतल्या घटना होत्या.

९/
त्यामुळे त्या काळच्या स्क्रिप्ट चूक सापडली की एक रूक्ष पान छापीत : त्रुटी आहे, मागे जाऊन दुरुस्त करा. 'मागे'चे बटण दाबल्यावर अक्षरे जागेवर असतीलच याची शाश्वती नसे. ब्राउझरने पान साठवून ठेवले असेल तर ती असत, सर्व्हरकडून नव्याने मागवले असेल तर नसत. अर्जदाराचे कष्ट ब्राउझरच्या मर्जीवर अवलंबून राहिले.

१०/
कोऱ्या अर्जाला पहिले व्यवस्थित उत्तर संगणकशास्त्रज्ञाकडून आले नाही. लिंकन स्टाइन हा वैद्यकाचे शिक्षण घेतलेला, जनुकसंशोधनात रमलेला माणूस. मॅसॅच्युसेट्समधल्या व्हाइटहेड संस्थेत मानवी जनुकसंचाच्या कामात असताना, १९९५ च्या सुमारास, त्याने पर्ल भाषेत 'सीजीआय डॉट पीएम' हे मॉड्यूल लिहिले. त्यात रकाना छापायला सांगितले की मॉड्यूल आधी पाहते : याच नावाने अर्जदाराने काही पाठवले आहे का? असेल तर तेच रकान्यात भरते. नसेल तरच प्रोग्रॅमरने सांगितलेले मूळ मूल्य घालते. या गुणाला स्टाइनने 'स्टिकी', म्हणजे चिकट, म्हटले. अर्जदाराचे शब्द रकान्याला चिकटून राहतात.

११/
गंमत अशी की नवशिक्या प्रोग्रॅमरांना हा दोष वाटे. 'मी सांगितलेले मूल्य दिसतच नाही!' त्यांच्यासाठी चिकटपणा मोडून काढण्याचा पर्यायही मॉड्यूलमध्ये ठेवावा लागला. मला मात्र स्टाइनचा क्रम महत्त्वाचा वाटतो. न सांगता जे घडते ते अर्जदाराच्या बाजूने. प्रोग्रॅमरला स्वतःचे म्हणणे पुढे रेटायचे असेल तर त्याने मुद्दाम तसे लिहावे. १९९७ मध्ये हे मॉड्यूल पर्लच्या मूळ संचात आले आणि २०१५ मध्ये त्यातून बाहेर पडले.

१२/
अक्षरे परत उतरवणे वाटते तितके सरळ नाही. साध्या रकान्यात मजकूर मूल्य म्हणून लिहायचा. मोठ्या मजकुराच्या चौकटीत तो सुरुवातीच्या आणि शेवटच्या खुणेच्या मधे. निवडयादीत सगळे पर्याय पुन्हा छापून नेमक्या एकावर खूण करायची. टिकेच्या चौकटीची तऱ्हा तर न्यारी. टिक नसेल तर ब्राउझर त्या चौकटीविषयी काहीच पाठवत नाही. मग अर्जदाराने टिक मुद्दाम काढली, की तो हे पान प्रथमच उघडतो आहे? मौनाचे दोन अर्थ, आणि स्क्रिप्टने अंदाज करायचा. आधीच टिक असलेली चौकट ज्याने काढली, त्याची टिक चुकीच्या फेरीनंतर गुपचूप परत आली, असे किती वेळा झाले असेल!

१३/
याच सुमारास ग्रीनलंडमध्ये जन्मलेला, कॅनडात शिकलेला रासमस लेरडॉर्फ स्वतःच्या परिचयपत्राला किती जण भेट देतात हे मोजण्यासाठी काही साधने लिहीत होता. ८ जून १९९५ रोजी त्याने ती 'पर्सनल होम पेज टूल्स' या नावाने खुली केली. तिला लवकरच फॉर्म हाताळणाऱ्या भागाची जोड मिळाली आणि नाव पडले पीएचपी/एफआय. यातला 'एफ' म्हणजे फॉर्म. पुढे सर्व्हरवरची सर्वाधिक प्रचलित झालेली भाषा अर्ज वाचण्याच्या कामातूनच वाढली.

१४/
पीएचपीत अर्जातल्या रकान्याचे नाव हेच आपोआप चलाचे नाव होई. रकान्यात जुने मूल्य परत छापण्यासाठी एक छोटी ओळ पुरे. पर्लच्या मानाने हे स्वर्गसुख होते. जगभरच्या हौशी लोकांनी ती ओळ लिहिली, शिकवली, एकमेकांकडून उतरवून घेतली. कोरे अर्ज कमी होऊ लागले.

१५/
पहिली ठेच अवतरणचिन्हाची. आपल्याकडे पत्ता लिहिताना घराचे नाव अवतरणात घालण्याची रीत आहे : "मातृछाया", सदाशिव पेठ. रकान्याचे मूल्यही एचटीएमएलमध्ये दुहेरी अवतरणातच लिहिले जाते. ब्राउझर मूल्य वाचू लागे, पत्त्याचे पहिलेच अवतरण दिसताच त्याला वाटे मूल्य संपले. रकाना रिकामा! सगळे काही परत आले, पत्ता तेवढा गेला. आणि प्रोग्रॅमरला कारण सापडेना, कारण त्याने चाचणीसाठी भरलेल्या पत्त्यात अवतरण नव्हते.

१६/
दुसरी ठेच पीएचपीच्याच एका हितचिंतक सोयीची. विदागारात मजकूर सुरक्षित जावा म्हणून 'मॅजिक कोट्स' ही व्यवस्था प्रत्येक अवतरणापुढे तिरकी रेघ लावी, आणि तिरक्या रेघेपुढेही तिरकी रेघ. तो मजकूर तसाच रकान्यात परत छापला तर? पहिल्या चुकीनंतर एक रेघ, दुसऱ्या चुकीनंतर तीन, तिसऱ्यानंतर सात. अर्जदार बिचारा जन्मतारीख दुरुस्त करीत राही आणि त्याच्या घराच्या नावाभोवती रेघांचे कुंपण वाढत जाई. ही व्यवस्था २०१२ मध्ये, पीएचपीच्या ५.४ आवृत्तीत, कायमची काढून टाकली गेली.

१७/
तिसरी गोष्ट ठेच म्हणण्यासारखी नव्हती.

जुन्या काळच्या नक्कलनविसाची कल्पना करा. समोरचा कागद तो इमानेइतबारे उतरवतो आहे. मजकुरात मधेच वाक्य येते : येथे थांबून तिजोरीची किल्ली समोरच्या माणसास द्यावी. शहाणा नक्कलनवीस ते वाक्य उतरवील. आपला नक्कलनवीस मात्र उठून किल्ली देतो! ब्राउझरचे नेमके हेच होते. परत छापलेल्या मजकुरात एचटीएमएलच्या खुणा किंवा जावास्क्रिप्ट असेल, तर ब्राउझर ते अर्जदाराचे शब्द म्हणून दाखवत नाही. पानाच्या मालकाची आज्ञा म्हणून पाळतो.

१८/
स्वतःच्या अर्जात स्वतःच खोडी करून कोणाला काय मिळणार, असा प्रश्न पडेल. पण अर्जातला मजकूर दुव्यातूनही भरता येतो. दुष्ट माणूस एक दुवा तयार करतो, त्यात बँकेच्या फॉर्मसाठी 'मजकूर' म्हणून स्क्रिप्ट घालतो आणि तो दुवा आपल्याला धाडतो. आपण टिचकी मारतो. बँकेचा सर्व्हर सौजन्याने तो मजकूर रकान्यात परत छापतो. आता ती स्क्रिप्ट बँकेच्या पानावर, बँकेच्या अधिकाराने, आपल्या ब्राउझरमध्ये चालते आणि आपली ओळख पटवणारी कुकी चोरून नेते.

१९/
२ फेब्रुवारी २००० रोजी कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या सर्ट केंद्राने या धोक्याविषयी जाहीर सूचना काढली. त्याच वर्षाच्या आरंभी मायक्रोसॉफ्टमधल्या अभियंत्यांनी त्याला 'क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग' हे नाव दिले होते. दोष एखाद्या कंपनीच्या एखाद्या उत्पादनात असता तर दुरुस्ती सोपी होती. येथे दोष एका सवयीत होता : माणसाने जे लिहिले ते त्याला जसेच्या तसे परत दाखवण्याची सवय. शोधाच्या पानावर 'आपण शोधलेला शब्द' म्हणून, त्रुटीच्या पानावर 'आपण लिहिलेली तारीख' म्हणून, अर्जाच्या रकान्यात मूल्य म्हणून.

२०/
उपाय माहीत नव्हता असेही नाही. परत छापताना कोनी कंस, अवतरणे आणि अँपरसँड यांच्या जागी त्यांची सांकेतिक रूपे लिहायची. मग ब्राउझर त्यांना केवळ अक्षरे मानतो. 'मातृछाया'चा पत्ताही यानेच वाचतो. पीएचपीत त्यासाठी फंक्शन होते. मात्र ते प्रत्येक रकान्यासाठी, प्रत्येक वेळी, आठवणीने लिहावे लागे. शंभर जागी लिहिले आणि एका जागी राहिले, तर त्या एका जागेतून चोर येई. २००८ च्या जँगो १.० ने आणि २०१० च्या रेल्स ३ ने ही खबरदारी न सांगता घेतली जाईल असे केले. स्टाइनने विसरभोळ्या प्रोग्रॅमरचा विचार करून ठेवलेला क्रम येथे पुन्हा, सुरक्षेच्या बाजूने, अवतरला.

२१/
आता मराठी वाचकाने येथे थोडे थांबावे, कारण या दुरुस्तीचा एक घाव देवनागरीवर बसला.

बरीच पाने तेव्हा पश्चिम युरोपीय अक्षरसंकेतात घोषित केलेली असत. त्यात 'म' नाही. अशा पानावर कोणी युनिकोडमध्ये 'मीरा' हे नाव लिहिले, तर ब्राउझर प्रत्येक चिन्हाचा क्रमांक पाठवी : &#२३५०;&#२३६८;&#२३५२;&#२३६६; (प्रत्यक्षात आकडे अर्थातच इंग्रजी). दोन अक्षरांचे नाव २८ चिन्हांचे झाले! निष्काळजी स्क्रिप्ट हे जसेच्या तसे परत छापी, ब्राउझर क्रमांकांचा अर्थ लावी आणि रकान्यात 'मीरा' दिसे. काळजीवाहू स्क्रिप्ट अँपरसँडचे सांकेतिक रूप करी. मग मीराला स्वतःच्या नावाच्या जागी आकड्यांची माळ दिसे. दार नीट लावले आणि घरची माणसेच बाहेर राहिली.

२२/
खरा उपाय अख्खे पान यूटीएफ-८ मध्ये ठेवणे हा होता, आणि तोही एकदम साधला नाही. पीएचपीतले सांकेतिक रूपे देणारे एक फंक्शन २०१२ पर्यंत, वेगळे न सांगितल्यास, मजकूर लॅटिन-१ मध्येच आहे असे धरून चाले. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट ते तीन वेगळी लॅटिन अक्षरे समजे, आणि रकान्यात तिरक्या रेघेचा 'ए' व चलनाच्या खुणा यांची रांग उभी राही.

रेल्सच्या मंडळींनी तर जुन्या इंटरनेट एक्स्प्लोररला यूटीएफ-८ पाठवायला भाग पाडण्यासाठी प्रत्येक अर्जात एक लपलेला रकाना घातला. त्यात लॅटिन-१ मध्ये नसलेले एक चिन्ह असे : आधी बर्फाची बाहुली, मग बरोबरची खूण. पत्त्याच्या पट्टीत ती खूण पाहून गोंधळलेल्यांना आता कारण कळले असेल.

२३/
लपलेल्या रकान्यांचा विषय निघालाच आहे तर थोडक्यात. अर्ज चार पानांचा असेल तर पहिल्या पानावरची माहिती चौथ्यापर्यंत कशी न्यायची? एक मार्ग म्हणजे ती प्रत्येक पुढच्या पानात लपवून ठेवणे. काही दुकानांनी वस्तूची किंमतही अशीच लपवली आणि चतुर गिऱ्हाइकांनी ती बदलून पाठवली! मायक्रोसॉफ्टच्या २००२ च्या एएसपी डॉट नेटने हीच कल्पना टोकाला नेली : पानावरच्या घटकांची स्थिती 'व्ह्यूस्टेट' नावाच्या एका लपलेल्या रकान्यात भरून फेरीगणिक इकडून तिकडे. अक्षरे टिकत, मात्र पान इतके फुगे की मंद जोडणीवर बसलेल्याने काय करावे?

दुसरा मार्ग कुकीचा. नेटस्केपच्या लू मॉन्टुलीने १९९४ मध्ये ती रचली. अर्धवट व्यवहारांची माहिती आपल्या सर्व्हरवर साठवायची नाही, असे एका ग्राहक कंपनीचे म्हणणे होते, त्यातून ती गरज उभी राहिली. पुढे कुकीत केवळ एक क्रमांक ठेवून बाकीचा मजकूर सर्व्हरवर 'सेशन' म्हणून राखण्याची पद्धत रुळली. सिक्सची ती चिठ्ठी आठवते? तीच ही.

२४/
पण सेशनलाही आयुष्य असते. पीएचपीत त्याची ठरवून दिलेली मर्यादा १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटे. तेवढा वेळ हालचाल नसेल तर तो मजकूर कचरा मानून काढला जाऊ शकतो. गुणपत्रिका शोधायला कपाटाकडे गेलेल्या, किंवा एका बोटाने टंकणाऱ्या माणसाला २४ मिनिटे किती पुरतात हे त्याला विचारावे.

२५/
आणखी एक पेच. अर्ज स्वीकारल्यावर पान 'रिफ्रेश' केले तर ब्राउझर तोच अर्ज पुन्हा पाठवतो. पैसे दोनदा कापले जातात. म्हणून अर्ज घेतल्यावर लगेच ब्राउझरला दुसऱ्या पत्त्यावर वळवण्याची रीत आली. २००४ मध्ये मायकेल जौराव्हलेव्ह याच्या लेखाने ती सर्वतोमुखी केली. परंतु त्रुटी असतानाही वळवले, तर अर्जातला मजकूर वाटेतच सांडतो. मग तो केवळ पुढच्या एका फेरीपुरता सेशनमध्ये ठेवायचा आणि वापरला की फेकायचा. लाराव्हेलमध्ये 'ओल्ड' या नावाने मिळतो तो हाच मजकूर. आजचा विद्यार्थी ती एका शब्दाची आज्ञा लिहून पुढे जातो.

२६/
दोन रकाने मात्र आजही परत भरून मिळत नाहीत. फाइलचा रकाना सर्व्हरने भरायचा म्हटले तरी ब्राउझर ऐकत नाही. ऐकले असते तर कुठलेही पान आपल्या संगणकातली फाइल आपल्या नकळत मागवू शकले असते. दुसरा रकाना पासवर्डचा. तो परत छापायचा तर नव्या पानाच्या मजकुरात उघडा लिहावा लागेल, म्हणून स्क्रिप्ट तो जाणूनबुजून वगळतात.

२७/
ऑक्टोबर २०२३ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांची २.२ ही आवृत्ती प्रसिद्ध केली. तिच्यात ३.३.७ क्रमांकाचा एक नवा निकष आहे. एकदा भरलेली माहिती त्याच प्रक्रियेत पुन्हा हवी असेल, तर ती आपोआप भरलेली असावी किंवा निवडता यावी. हात थरथरणाऱ्या, किंवा क्षणापूर्वीचे आठवणे जड जाणाऱ्या माणसांचा विचार करून तो लिहिला गेला आणि 'अ' म्हणजे सर्वांत पायाभूत पातळीवर ठेवला गेला. त्याला अपवाद तीनच : पुन्हा लिहिणे हाच कृतीचा गाभा असेल तर, आधीची माहिती आता ग्राह्य नसेल तर, आणि सुरक्षेसाठी पुन्हा लिहिणे आवश्यक असेल तर. पासवर्ड या शेवटच्या अपवादात बसतो. जन्मतारीख कुठल्याच अपवादात बसत नाही.

(समाप्त)